मोडलेली हाडे आणि काट्यावरचे वजन : जॉकीच्या कारकिर्दीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि गेली चार वर्षे घोडेस्वारी शिकतो आहे. गेल्या महिन्यात अडथळ्यावरून घोडा उडवताना तो पडला आणि त्याच्या उजव्या बाजूचे हासळीचे हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडले. डॉक्टरांनी किमान सहा आठवडे घोड्यावर बसायचे नाही असे बजावले होते, तरी तिसऱ्याच आठवड्यात तो गळ्यातली झोळी काढून आम्हाला न सांगता घोड्यावर बसून आला. जाब विचारल्यावर त्याने टोनी मॅकॉय या जॉकीचे उदाहरण दिले. पाठीचे मणके मोडूनही हा माणूस दोन महिन्यांत पुन्हा शर्यतीत उतरला, म्हणून तो वीस वर्षे अजिंक्य राहिला, असे मुलाचे म्हणणे आहे. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर मी मुलाला कोणत्या तोंडाने अडवू?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मुलाने सांगितलेली गोष्ट खरी आहे, परंतु ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी त्याला ठाऊक असती, तर झोळी काढण्याआधी तो थांबला असता असे मला वाटते. म्हणून हे उत्तर नेहमीपेक्षा लांबणार आहे.

अँथनी पीटर मॅकॉय याचा जन्म ४ मे १९७४ रोजी उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम परगण्यात मनीग्लास या खेड्यात झाला. लहानपणीच त्याने शाळेपेक्षा तबेला जवळ केला आणि पंधराव्या वर्षी जिम बोल्जर या नामांकित ट्रेनरकडे तो उमेदवारीसाठी दाखल झाला. त्या वेळी त्याला अडथळ्यांच्या शर्यतींचा नव्हे, तर सपाट शर्यतींचा जॉकी व्हायचे होते. मार्च १९९२ मध्ये थर्ल्सच्या मैदानावर त्याने पहिली शर्यत जिंकली आणि वर्ष भरण्याच्या आत, जानेवारी १९९३ मध्ये, सरावाच्या वेळी पडून त्याचा पाय मोडला. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्या अठरा वर्षांच्या मुलाची उंची वाढली, वजनही वाढले, आणि तो परत आला तेव्हा सपाट शर्यतींना लागणारे हलके वजन त्याच्या आवाक्याबाहेर गेले होते. अडथळ्यांच्या शर्यतींत घोड्यावर चढवायचे किमान वजन बरेच जास्त असते, म्हणून तो तिकडे वळला. आपल्या मुलाने ही गोष्ट लक्षात घ्यावी असे मला वाटते, कारण ज्या कारकिर्दीचे तो दाखले देतो, ती एका मोडलेल्या हाडाला भरून यायला पुरेसे महिने मिळाल्यानंतर सुरू झाली आहे.

१९९४ मध्ये मॅकॉय इंग्लंडला गेला. पहिल्याच हंगामात त्याने उमेदवार जॉकींमध्ये अव्वल स्थान मिळवले आणि त्याच्या पुढल्या, १९९५-९६ च्या हंगामापासून २०१४-१५ पर्यंत, सलग २० वेळा तो ब्रिटनचा अडथळ्यांच्या शर्यतींतला सर्वश्रेष्ठ जॉकी ठरला. २००१-०२ या एका हंगामात त्याने २८९ शर्यती जिंकल्या आणि सर गॉर्डन रिचर्ड्स यांचा १९४७ पासून अबाधित असलेला २६९ विजयांचा विक्रम मागे टाकला. रिचर्ड्स हे सपाट शर्यतींचे जॉकी होते, त्यांना दर शर्यतीत आठ-दहा कुंपणे ओलांडायची नव्हती. त्यामुळे माझ्या दृष्टीने मॅकॉयच्या सर्व आकड्यांत हा आकडा सर्वांत मोठा आहे. ७ नोव्हेंबर २०१३ रोजी टोस्टरच्या मैदानावर त्याने चार हजारावा विजय मिळवला आणि निवृत्त होईपर्यंत ही संख्या ४,३०० च्या पुढे गेली. एवढे सगळे मिळवूनही जगप्रसिद्ध ग्रँड नॅशनल शर्यत त्याला वर्षानुवर्षे हुलकावणी देत राहिली, ती पंधराव्या प्रयत्नात, २०१० मध्ये, डोन्ट पुश इट या घोड्यावर बसून त्याने जिंकली.

आता जखमांविषयी. अडथळ्यांच्या शर्यतीत पडणे हा अपघात नसून कामाचा एक भाग आहे, हे प्रथम समजून घ्यावे लागते. सुमारे ५०० किलो वजनाचा घोडा भरधाव वेगात कुंपणावर झेप घेतो, त्याचा पुढचा पाय कुंपणाच्या माथ्याला अडकतो किंवा उतरताना गुडघ्यात दुमडतो, आणि जॉकी घोड्याच्या खांद्यावरून पुढे फेकला जातो. तो बहुधा खांद्यावर आपटतो किंवा सावरण्यासाठी हात पुढे करतो. दोन्ही प्रकारांत जमिनीचा धक्का हासळीच्या बारीक, वाकड्या हाडापर्यंत पोहोचतो. म्हणूनच या व्यवसायात ते हाड न मोडलेला माणूस विरळा. पडल्यानंतर अंगाचे मुटकुळे करून, डोके हातांत घेऊन, मागून येणारे घोडे निघून जाईपर्यंत हलायचे नाही, हा जॉकीला मिळणारा पहिला धडा आहे. घोडा शक्यतो माणसावर पाय देत नाही, परंतु मागून दहा-पंधरा घोडे त्याच कुंपणावरून उड्या घेत येत असतात आणि कुंपणापलीकडे कोण पडले आहे ते त्यांना दिसत नसते. ब्रिटनमध्ये व्यावसायिक जॉकी साधारण पंधरा-वीस शर्यतींमागे एकदा पडतो असे धरले, तर एका हंगामात आठशे-नऊशे शर्यती धावणाऱ्या मॅकॉयच्या वाट्याला किती वेळा जमीन आली असेल याचा हिशेब आपणच करावा.

हासळी, बरगड्या, खांद्याचे पाते, मनगट, दंड, घोटा, पाय, गालफडाचे हाड, मणके, दात : मोडण्यासारखे त्याच्या अंगात फारसे काही शिल्लक राहिले नाही. आपला मुलगा ज्या प्रसंगाचा उल्लेख करतो तो जानेवारी २००८ चा आहे. वॉरिकच्या मैदानावर पडून मॅकॉयच्या पाठीचे दोन मणके, नववा आणि बारावा, मोडले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चेल्टनहॅमचा महोत्सव होता, आणि अडथळ्यांच्या शर्यतींच्या जगात त्या चार दिवसांचे मोल उरलेल्या वर्षाएवढे असते. त्याने शस्त्रक्रिया करून घेतली, उणे शंभर अंशांहून खाली तापमान नेणाऱ्या शीतकक्षांत मिनिटे मोजत उभे राहण्याचे उपचार घेतले आणि तो खरोखरच चेल्टनहॅमला उतरला.

परंतु हा प्रसंग आणि आपल्या घरातला प्रसंग यांतला फरक मुलाच्या नजरेतून निसटला आहे. मॅकॉय लपून परतला नाही. शल्यचिकित्सकांनी मणके सांधलेले होते, व्यायामतज्ज्ञ रोज त्याच्याबरोबर होते, आणि मुख्य म्हणजे शर्यतीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्याशिवाय त्याला घोड्यावर पाय टाकता येणार नव्हता. ब्रिटनमध्ये प्रत्येक जॉकीची वैद्यकीय नोंद ठेवली जाते. मैदानावरच्या डॉक्टरने पडलेल्या जॉकीला अपात्र ठरवले, की पुढच्या मैदानावरचा डॉक्टर ती नोंद पाहतो आणि तो पात्र ठरेपर्यंत कोणताही ट्रेनर त्याला घोडा देऊ शकत नाही. डोक्याला मार लागल्यास हा नियम अधिक कडक होतो. जॉकी धडधाकट असताना त्याची स्मरणशक्ती आणि प्रतिक्रियेचा वेग संगणकावर तपासून ठेवलेला असतो, मार लागल्यानंतर तीच चाचणी पुन्हा घेऊन दोन्ही निकाल ताडून पाहिले जातात, आणि ते जुळेपर्यंत त्याला थांबवले जाते.

एवढा बंदोबस्त का करावा लागला, हा प्रश्न मुलाला जरूर विचारावा. जॉकी दुखणे लपवतात, हे त्याचे सरळ उत्तर आहे, आणि त्यामागे निव्वळ शूरपणा नसतो. ब्रिटनमधला बहुतेक जॉकी पगारी नोकर नसून दर शर्यतीमागे ठरलेले मानधन आणि बक्षिसातला वाटा यांवर जगतो. तो घरी बसला की मिळकत थांबते, आणि त्याचा घोडा दुसऱ्याला मिळतो. त्या दुसऱ्याने तो जिंकवला, तर मालक तो घोडा परत देईलच असे नाही. मॅकॉयच्या मागे रिचर्ड जॉन्सन हा तितकाच कष्टाळू जॉकी सोळा हंगाम दुसऱ्या क्रमांकावर उभा होता; आपण अंथरुणावर काढलेला प्रत्येक दिवस जॉन्सनच्या खात्यात जमा होतो, याची जाणीव ठेवूनच मॅकॉय जगला. ज्याच्या पोटावर आणि नावावर असा पाय असतो, त्याला स्वतःच्या हाडाविषयी निःपक्ष निर्णय घेता येत नाही. तो निर्णय त्याच्या हातातून काढून डॉक्टरकडे देणे ही या खेळाने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या मुलाच्या डोक्यावर मिळकतीची टांगती तलवार नाही. तरीही त्याला थांबवत नाही, म्हणजे केवळ उतावीळपणा त्याला ओढतो आहे, आणि त्या वयात तो स्वाभाविकही आहे. म्हणूनच त्याला बाहेरून अडवणारा कोणीतरी हवा.

मॅकॉयच्या अखेरच्या हंगामातली एक गोष्टही त्याला सांगावी, कारण ती नेमकी खांद्याशी संबंधित आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात तो अशा भराने जिंकत होता, की एका हंगामात ३०० विजय हे आजवर कोणालाही न जमलेले लक्ष्य त्याच्या टप्प्यात दिसू लागले होते. ऑक्टोबरमध्ये वूस्टरला तो पडला आणि हासळी सांध्यातून निखळली. त्या दुखापतीने आणि तिच्यामुळे बुडालेल्या दिवसांनी ते लक्ष्य कायमचे हातचे गेले. जगातल्या सर्वांत सोशिक जॉकीलाही हासळीने आपल्या वेळापत्रकाप्रमाणे वागायला लावले. त्यानंतर फेब्रुवारीत त्याने निवृत्ती जाहीर केली आणि २५ एप्रिल २०१५ रोजी, एकेचाळिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना, सँडाउनच्या मैदानावर तो शेवटचा घोड्यावर बसला. आपण आपल्या पायांनी चालत बाहेर पडलो, हे तो नशीब मानतो की नाही मला ठाऊक नाही, परंतु मी मानतो. त्याच्या बरोबरीने वावरणारा जे. टी. मॅकनमारा हा हौशी जॉकी मार्च २०१३ मध्ये चेल्टनहॅमलाच पडला, त्याच्या मानेचे मणके मोडले, मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले आणि २०१६ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, तो वारला. कौशल्यात तो कुणाहून कमी नव्हता.

आता थोडे हासळीविषयी. मोडलेल्या टोकांभोवती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जो सांधा तयार होतो, तो मऊ असतो. दुखणे ओसरते, हात वर जातो, आणि हाड जुळले असे वाटू लागते. परंतु लगाम ओढणाऱ्या घोड्याचा हिसका किंवा दुसरे पडणे त्याला सोसत नाही. त्याच जागी पुन्हा मोडलेले हाड सरकले, तर धातूची पट्टी आणि स्क्रू घालून शस्त्रक्रिया करावी लागू शकते, आणि त्या हाडाच्या मागूनच हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या व नसा जातात. म्हणून सहा आठवड्यांनंतरही नुसते दिवस मोजून त्याला घोड्यावर बसू देऊ नये, नवा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी लेखी परवानगी द्यावी आणि तो कागद मुलाने नव्हे, तर आपण स्वतः त्याच्या प्रशिक्षकांच्या हाती द्यावा. त्या पडण्यात त्याचे हेल्मेट जमिनीवर आपटले असेल, तर वरून तडा दिसत नसला तरी ते बदलावे, कारण आतला थर एकदा दबला की पुढच्या वेळी तो धक्का झेलत नाही. त्या दिवशी त्याला मळमळ, भोवळ किंवा काही क्षणांचे विस्मरण झाले होते का, हेही शांतपणे विचारावे. मुले हाड मोडल्याचे सांगतात, डोके गरगरल्याचे सांगत नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर मी कधीकधी शर्यती पाहायला जातो. शर्यत संपल्यावर जॉकी खोगीर काढून, ते हातात घेऊन पुन्हा काट्यावर बसतात. हे कशासाठी? आणि वजनासाठी ते उपाशी राहतात हे खरे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : प्रत्येक घोड्याने किती वजन वाहून न्यायचे हे शर्यतीआधी ठरलेले असते. त्या वजनात जॉकी आणि खोगीर दोन्ही येतात, आणि जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात. शर्यतीत वाटेतच ते शिसे काढून टाकलेले नाही, हे तपासण्यासाठी शर्यतीनंतरही वजन होते, आणि ते कमी भरल्यास जिंकलेला घोडासुद्धा बाद ठरतो.

उपासाविषयी आपण ऐकले ते खरे आहे. मोडलेली हाडे लोकांना दिसतात, पण उपास दिसत नाही, आणि माझ्या मते जॉकीच्या शरीराची खरी झीज तिथे होते. वर ज्याच्याविषयी लिहिले तो मॅकॉय पाच फूट दहा इंच उंच होता. त्या बांध्याच्या माणसाचे वजन सहज ७५ किलो भरावे. त्याने वीस वर्षे ते ६५ किलोच्या आसपास दाबून ठेवले. रोजच्या रोज सोसवणार नाही इतक्या गरम पाण्याच्या टबात बसून घाम गाळणे, साखर घातलेल्या चहावर दिवस काढणे आणि जेवण हे बक्षीस असल्यासारखे टाळणे, हा त्याचा नित्यक्रम होता. घाम गाळून उतरवलेले वजन म्हणजे केवळ अंगातले पाणी असते. त्यामुळे प्रतिक्रिया मंदावते, अंदाज चुकतो, आणि नेमक्या त्या अवस्थेत माणूस कुंपणाकडे भरधाव निघालेला असतो. वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या आहाराने हाडेही ठिसूळ होतात. आयर्लंडमध्ये जॉकींवर झालेल्या अभ्यासांत त्यांच्या हाडांची घनता कमी आढळली आहे. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त पडायचे आहे, त्यांचीच हाडे कच्ची राहतात.

हे दुखणे जुने आहे. इंग्लंडचा फ्रेड आर्चर १८७४ पासून सलग १३ वर्षे तिथला अव्वल जॉकी होता. तो उंच होता आणि सपाट शर्यतींसाठी स्वतःला अक्षरशः वाळवत असे. १८८६ च्या शरद ऋतूत एका मोठ्या शर्यतीसाठी त्याने अन्नपाणी तोडून वजन उतरवले, त्यापाठोपाठ तो तापाने फणफणला आणि त्या ग्लानीत ८ नोव्हेंबर रोजी त्याने आपले आयुष्य संपवले. तेव्हा तो अवघा २९ वर्षांचा होता. या गोष्टीला आता जवळजवळ दीडशे वर्षे होतील, आणि किमान वजनाची मर्यादा तेव्हापासून कितीतरी वर सरकली आहे, पण मैदानावर उतरणाऱ्या मुलांची उंचीही पिढीगणिक वाढत गेली आहे.

मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात होतात त्या शर्यती सपाट मैदानावरच्या असतात. तिथे कुंपणे नसल्याने पडण्याचे प्रसंग कमी येतात, परंतु वेग ताशी साठ किलोमीटरच्या घरात जातो आणि घोडे अंगाला अंग घासून धावतात. पुढच्या घोड्याच्या मागच्या टाचेला आपल्या घोड्याचा पुढचा पाय लागला, तर सावरायला क्षणही मिळत नाही. शर्यतीच्या मागोमाग धावणारी रुग्णवाहिका आपण पाहिली असेल, ती याचसाठी असते. कार्ल उमरीगर हा अत्यंत गुणी तरुण जॉकी १९७९ मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर पडून दगावला, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती.

प्रश्न : इंग्लंडमध्ये आल्यापासून दर नाताळात आम्हाला शेजाऱ्यांकडून घोड्यांची चित्रे असलेली शुभेच्छापत्रे येतात. ती जखमी जॉकींच्या एका निधीसाठी विकली जातात असे कळले. हा निधी काय काम करतो?
– एक वाचक, लंडन

उत्तर : तो इंजर्ड जॉकीज फंड, आणि शुभेच्छापत्रांची विक्री हा त्याच्या उत्पन्नाचा जुना मार्ग आहे. डिसेंबर १९६३ मध्ये टिम ब्रुकशॉ हा जॉकी लिव्हरपूलजवळच्या एंट्री (Aintree) या मैदानावर पडून पाठीला जबर जखमी झाला. तीनच महिन्यांनी, १९६४ च्या ग्रँड नॅशनलमध्ये, त्याच मैदानावर पॅडी फॅरेल पडला आणि त्याचे पाय कायमचे गेले. त्या काळी अशा माणसाला मिळणारी भरपाई अगदी तुटपुंजी होती, म्हणून शर्यतींच्या क्षेत्रातल्या लोकांनी वर्गणी गोळा केली. ती त्या दोघांपुरती न ठेवता तिचा कायमचा निधी केला, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. जॉन ओक्सी हे हौशी जॉकी आणि क्रीडापत्रकार या कामात पुढे होते. त्यांच्याच नावाने २००९ मध्ये लॅम्बर्न येथे निधीचे पहिले पुनर्वसन केंद्र उभे राहिले. पुढे माल्टन आणि न्यूमार्केट येथेही अशी केंद्रे झाली. तिथे जॉकीला व्यायामोपचार मिळतात, घरात चाकांची खुर्ची फिरवता यावी म्हणून बदल करण्यासाठी पैसा मिळतो, आणि निवृत्त झालेल्यांची विचारपूसही होत राहते.

अमेरिकेत अशी सोय फार उशिरा झाली. १९७३ मध्ये सेक्रेटरिएट या विख्यात घोड्यावर बसून रॉन टरकॉट याने बेलमाँटची शर्यत ३१ घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकली होती; १९७८ मध्ये त्याच बेलमाँटच्या मैदानावर तो पडला, त्याचे पाय गेले आणि पुढचे सगळे आयुष्य त्याने चाकांच्या खुर्चीत काढले. कायमचे अपंगत्व आलेल्या जॉकींसाठी तिथे राष्ट्रीय पातळीवरचा निधी स्थापन झाला तो २००६ मध्ये, म्हणजे टरकॉटच्या अपघातानंतर अठ्ठावीस वर्षांनी. आपण पुढच्या नाताळात शेजाऱ्यांना उलट शुभेच्छापत्र पाठवणार असाल, तर तेही इंजर्ड जॉकीज फंडाकडूनच घ्यावे.